पहिलवान आप्पांची पहिली आखाजी: काय जपावं, काय छापावं, कुस्त्या कशा लावाव्या?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावातले आमचे मोठे काका, म्हणजे अख्ख्या गावाचे आप्पा, गेल्या ज्येष्ठात वारले. तरुणपणी मातीतले पहिलवान. मग भुसावळला रेल्वेत नोकरी. निवृत्त झाल्यावर गावच्या व्यायामशाळेत रोज पहाटे पोरांना डाव शिकवायचे. तीन मुली, एक मुलगा आणि भावांची पोरं, सगळ्यांची शिक्षणं-लग्नं त्यांनीच मार्गी लावली.

येणारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यांची पहिली. पितरांची घागर भरायची आहेच. मुली माहेरी आलेल्या असतील, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या नावानं कुस्त्या लावायच्या आणि ३२ पानी स्मरणिका काढायची, असं घरात ठरतंय. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत हे निघालं:

– पुणे विद्यापीठाचं आंतरमहाविद्यालयीन कुस्तीचं प्रमाणपत्र, ६२ किलो, द्वितीय. वर्षाचा कोपरा वाळवीनं खाल्लाय.
– जिल्हा स्पर्धेचं प्रमाणपत्र, ६८ किलो, प्रथम. तारीख पुसट.
– एक गदा, पूर्ण काळी पडलेली.
– तालमीतला गट फोटो, फ्रेमच्या काचेला चिकटलेला. आणखी दहा-बारा सुटे फोटो.
– वर्तमानपत्राची कात्रणं, हात लावला की तुकडे पडतात.
– एक कॅसेट, मुदगलांची जोडी, दोन लंगोट.
– हिशेबाची जाड वही.

मावसभावाचा आग्रह आहे की बॅनरवर 'महाराष्ट्र केसरी' लिहायचं. जाणकारांनी सांगावं.

लालमाती
आधी प्रमाणपत्रांचं बघू. वर्ष गेलं असलं तरी वजनगट शिल्लक आहे ना, मग काळ बराचसा ठरवता येतो. फ्रीस्टाइलचे गट वेळोवेळी बदलले:

१९६२ ते १९६८: ५२, ५७, ६३, ७०, ७८, ८७, ९७ आणि त्यावर
१९६९ ते १९९६: ४८, ५२, ५७, ६२, ६८, ७४, ८२, ९०, १०० आणि त्यावर
१९९७ ते २००१: ५४, ५८, ६३, ६९, ७६, ८५, ९७, १३०
२००२ ते २०१३: ५५, ६०, ६६, ७४, ८४, ९६, १२०

६२ आणि ६८ हे दोन्ही आकडे फक्त दुसऱ्या ओळीत आहेत. म्हणजे ६८ चं प्रमाणपत्र १९६९ ते १९९६ मधलं. ६२ चा गट १९६२ च्या आधीही होता, पण माणूस एकच म्हणून तेही बहुधा याच काळातलं. आपल्याकडे नवे गट लागू व्हायला एखादं वर्ष मागेपुढे धरा. आणि हे मोठ्या गटालाच लावा, शालेय स्पर्धांची वजनं वेगळी असायची. ५७ किंवा ७४ असतं तर काही ठरलं नसतं, ते आकडे फिरून फिरून येतात. ६३ तर दोन वेगळ्या काळात आहे, तिथे लोक हमखास फसतात.

६२ च्या आधी ६८ की नंतर? साधारणपणे पहिलवान वयाबरोबर वर सरकतो, म्हणून विद्यापीठाचं आधीचं आणि जिल्ह्याचं नंतरचं असावं. पण हा अंदाज आहे, स्मरणिकेत अंदाज म्हणूनच लिहा.

कागदपत्रे
लालमाती यांच्या हिशेबात भर घालतो. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली सुरू झालं, त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती. त्यामुळे पहिलं प्रमाणपत्र बहुधा १९६९ ते १९९० या खिडकीत बसतं. अजून जवळ जायचं तर प्रमाणपत्रावर कॉलेजचं नाव असेल. त्या कॉलेजच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाचं आणि सोडल्याचं वर्ष मिळतं. घरच्यांनी अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद दिला तर उतारा मिळायला अडचण नसते. कॉलेजची जुनी वार्षिक नियतकालिकं मागायला विसरू नका. शेवटच्या पानांवर 'जिमखाना वृत्त' असतं आणि त्यात खेळाडूचं नाव, गट, क्रमांक असा सरळ मजकूर असतो.

दुसऱ्या प्रमाणपत्रावर जिल्ह्याचं नाव काय छापलंय तेही बघा. पूर्व खान्देश–पश्चिम खान्देश ही नावं १९६० नंतर जळगाव–धुळे झाली आणि नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. एखाद्या कागदावर १९८५ साल आणि 'नंदुरबार जिल्हा' असं दोन्ही दिसलं तर तो नंतर कुणीतरी करून घेतलेला समजा. असे कागद फिरतात.

रेल्वेचं सेवापुस्तक किंवा त्याची नक्कल घरात आहे का? स्पर्धेसाठी दिलेली विशेष रजा कार्यालयीन आदेशात नोंदलेली असते. नोकरी लागल्यावरही ते खेळत होते की नाही, ते तिथे कळेल.

पंच_धुळे
बॅनरचा विषय आधी मिटवा, कारण तो छापला गेला की मागे घेता येत नाही.

'महाराष्ट्र केसरी' हा एकच किताब आहे आणि तो खुल्या गटाचा आहे. आताच्या नियमात ८६ ते १२५ किलो. माती विभागाचा विजेता आणि गादी (मॅट) विभागाचा विजेता यांची शेवटची कुस्ती होते, तिचा निकाल म्हणजे महाराष्ट्र केसरी. पहिली १९६१ साली औरंगाबादला झाली. तेव्हापासूनची विजेत्यांची यादी सर्वांसमोर आहे, कुणीही दोन मिनिटांत ताडून पाहू शकतो. आपल्या खान्देशात ही गदा सलग तीनदा आणली ती चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरी यांनी, २०१४, २०१५ आणि २०१६ ला. ६२ किलोचा मल्ल त्या गटात उतरतच नाही.

घोळ कुठे होतो ते सांगतो. महाराष्ट्र केसरी जिथे होते त्याच अधिवेशनात बाकीच्या वजनगटांच्या राज्य अजिंक्यपदाच्या कुस्त्याही होतात. तिथे खेळून आलेला माणूस गावात 'महाराष्ट्र केसरीला जाऊन आला' होतो. दहा वर्षांनी त्यातलं 'ला जाऊन आला' गळून पडतं. माणूस खोटं बोललेला नसतो, गाव बोलतं.

बॅनरवर सरळ लिहा: 'पुणे विद्यापीठ आंतरमहाविद्यालयीन कुस्ती, ६२ किलो, उपविजेते. जिल्हा स्पर्धा, ६८ किलो, प्रथम.' त्या काळी खेड्यातून पुणे विद्यापीठाच्या स्पर्धेत दुसरा येणं म्हणजे काय, हे मैदानात बसलेल्या जुन्या मंडळींना बरोबर समजतं.

गिरणाथडी
आणि गदेवरून किताब ठरवू नका भाऊ. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत, सत्कारात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, सगळीकडे गदा देतात. दांड्यावर किंवा गोळ्याच्या खालच्या पट्टीवर कोरीव अक्षरं असतात. काळेपणामुळे दिसत नसतील तर बॅटरी आडवी धरून, उजेड जवळजवळ पृष्ठभागाला समांतर पाडा. पुसायच्या आधी वाचा आणि फोटो काढा.

तापीकाठ
@गिरणाथडी, तसं करून पाहिलं. 'यात्रा कमिटी' आणि 'मानाची कुस्ती' एवढं लागलं. गावाचं नाव अर्धं आहे. आता ती चमकवायची कशी? सोनाराकडे द्यावी का?

गिरणाथडी
सोनाराला फक्त विचारा, ती चांदी आहे की जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू. पॉलिशला देऊ नका. मशीनचा बफ लागला की ती कोरीव अक्षरं निम्मी जातात, आणि तुमचा पुरावा तीच अक्षरं आहेत.

गदा बहुतेक वेळा आतून लाकूड आणि वरून पत्रा अशी असते. त्यामुळे गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलची जी युक्ती मोबाइलवर फिरते, ती इथे चालणार नाही. पाणी सांध्यातून आत शिरतं, लाकूड फुगतं, पत्रा उकलतो. चिंच-लिंबूही नको. टूथपेस्ट तर अजिबात नको, बारीक चरे पडतात.

करायचं ते असं: मऊ सुती कापड, त्यावर अगदी बारीक खडूची पूड आणि दोन-चार थेंब पाणी. एका दिशेनं हलक्या हातानं. अक्षरांच्या खाचेत काळं राहू द्या, त्यानेच ती वाचता येतात. नंतर कोरड्या कापडानं पुसून, धुतलेल्या जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवा. वर्तमानपत्रात नको आणि रबरबँड तर नकोच. रबरात गंधक असतो, जिथे बँड बसतो तिथे काळी रेघ उमटते. पदकं असतील तर ती घासूच नका, पितळेवरचा सोन्याचा मुलामा दोन घासण्यांत जातो.

स्कॅनवाला
फोटोंचं.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. दमट हवेत फोटोचा वरचा थर काचेला धरतो, ओढला की चेहरा काचेवर आणि कागद हातात. फ्रेममधून काच आणि फोटो एकत्रच काढा, काच बाहेरून कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि तसाच स्कॅनरवर उपडा ठेवा. मोबाइलनं काढायचा तर काच किंचित तिरकी, उजेड दोन्ही बाजूंनी, फ्लॅश बंद, आणि मागे काळं कापड धरा म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब येत नाही.

सुटे फोटो: पोस्टकार्ड आकाराचा ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), पासपोर्ट आकाराचा १२००. ४ × ६ इंचाचा फोटो ६०० ला केला की २४०० × ३६०० ठिपके मिळतात. ६ × ४ फुटांच्या बॅनरला ५० डीपीआयनं बरोबर तेवढेच लागतात, म्हणजे आडवा फोटो जसाच्या तसा मावतो. बॅनरवाल्याला व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की सगळं वाया जातं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, दुरुस्ती नकलेवर करा. आणि तो चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर नको. पहिलवानाचे कान गुळगुळीत झाले तर राहिलं काय?

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो काढताना बारीक दोरा किंवा दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा सरकवा. लॅमिनेशन कुणी सुचवलं तर नाही म्हणा. उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या पेटीत त्याचे फुगे येतात.

लालमाती
स्कॅनवाल्यांनी कानाचा विषय काढलाच आहे तर. मातीत कान घासून-आपटून कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं. ते वेळीच काढलं नाही की कान कायमचा गाठाळ होतो. सपाट कानाचे फोटो आधीचे, फुटलेल्या कानाचे नंतरचे. बिनतारखेच्या फोटोंचा क्रम लावायला याच्यासारखं दुसरं साधन नाही.

शिवाय पहिलवान ज्या बाजूला डोकं लावून भिडतो, त्या बाजूचा कान बहुधा जास्त बिघडलेला असतो. जुन्या स्टुडिओत निगेटिव्ह उलटी छापली जायची. सदरा घातलेला असेल तर बटणांवरून कळतं, पण लंगोटातल्या फोटोत बटणं कुठली? उतारवयातल्या फोटोत जर डावा कान जास्त फुटलेला दिसतोय आणि तालमीतल्या फोटोत उजवा, तर तालमीतला उलटा छापलाय. बॅनरला देण्याआधी एवढं तपासा.

तापीकाठ
तपासलं. उतारवयातल्या सगळ्या फोटोंत डावा कान. गट फोटोत उजवा. म्हणजे गट फोटो उलटा. शिवाय भिंतीवरची हनुमानाची तसबीर आहे, तिच्याखालची अक्षरंही मोठं करून पाहिल्यावर उलटीच दिसतायत!

कागदपत्रे
छान. आता त्या फोटोतल्या माणसांची नावं मागच्या बाजूला पेननं लिहू नका. शाई आरपार येते, बॉलपेनचा दाब पुढे उठतो. स्कॅनची साध्या कागदावर प्रिंट काढा, प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि जुन्या मंडळींकडे एकेकट्यानं घेऊन जा. चार म्हातारे एकत्र बसवले की जो मोठ्यानं बोलतो त्याचीच नावं पक्की होतात.

कात्रणं: वर्तमानपत्राचा कागद स्वतःच्याच आम्लानं जळतो, ते थांबवता येत नाही. आधी स्कॅन, मग सपाट फोल्डरमध्ये आम्लरहित कागदाच्या दोन पानांमध्ये. सेलोटेप नको, त्याचा डिंक पिवळा होऊन अक्षरं खातो. गायब मजकूर हवा असेल तर वर्तमानपत्राचं नाव आणि साधारण महिना काढून जळगावच्या व. वा. जिल्हा वाचनालयात किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयात जुन्या फायलींची चौकशी करा. यात्रेची तिथी माहीत असली की शोध चार-पाच अंकांवर येतो. जुन्या पंचांगात तिथीवरून तारीख काढा, बातमी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असते.

पेटी जमिनीवर नको आणि माळ्यावरही नको. धाब्याचं घर असेल तर भिंतीला टेकवूनही नको, वाळवी मातीच्या भिंतीतूनच चढते. विटांवर फळी, फळीवर पेटी, चारही बाजूंनी वीतभर मोकळं.

लंगोट स्टार्च न करता धुऊन ठेवा, खळीला कसर लागते. मुदगलांना जवसाचं तेल कापडानं पातळ लावा, तासाभरानं जास्तीचं पुसून घ्या. ते तेलकट बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवून मग फेका.

खापरावरची
सगळे गदा आणि कानांवर बोलताय, त्या हिशेबाच्या वहीकडे कुणी बघेना. तापीकाठ भाऊ, त्या वहीत आहे काय?

तापीकाठ
ताई, प्रत्येक पानाला मधोमध उभी रेघ आहे. डावीकडे घरखर्च, उजवीकडे कुस्त्या आणि मेहनत. एका पानावर डावीकडे 'रॉकेल ५ लि., दूध, मोठीची फी, आईचा चष्मा काच' आणि समोर उजवीकडे 'जोड नाशिकचा, १२ मि., एकेरी पट, ५१ रु.' असं आहे, म्हणजे समोरचा मल्ल, वेळ, डाव आणि इनाम. त्या ५१ वरून बाण काढून डावीकडे 'चष्मा' पर्यंत नेलाय. लग्नानंतर उजवीकडच्या नोंदी कमी होत गेल्यात, पुढे पुढे तर तिकडेही पोरांच्याच फिया.

खापरावरची
मग स्मरणिकेचा गाभा हाच आहे. 'प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' हे शब्द प्रत्येक स्मरणिकेत असतात, माणूस बदलला तरी मजकूर तोच. हे एक पान मोठं करून समोरासमोर दोन पानांत छापा, खाली फक्त अक्षर लावून द्या. त्यावर 'कुटुंबासाठी झिजले' असा मथळा टाकू नका हो. बाण दिसतोय.

छापताना वही पूर्ण उघडून काचेवर दाबू नका, शिवण सुटेल. वही नव्वद अंशांत उघडी ठेवून एकेक पान वरून फोटो काढा. उधारी-उसनवारीची नावं असतील ती मात्र झाका, ती माणसं किंवा त्यांची पोरं गावातच आहेत.

पंच_धुळे
सहमत. आणि उजव्या बाजूच्या नोंदी एका तक्त्यात काढा: जोड कुठला, किती मिनिटं, कोणत्या डावावर, इनाम. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की माणसाची कुस्ती समोर उभी राहते. एकेरी पट वारंवार येत असेल तर खालून शिरणारा, चपळ, कमी उंचीचा मल्ल. ढाक आणि कलाजंग असतील तर अंगावर घेऊन फेकणारा. घिस्सा असेल तर खाली धरून थकवणारा. '१२ मि.' ही वेळही बोलकी आहे, तेवढा वेळ भिडून मग पट काढायचा म्हणजे दम टिकवून ठेवलेला असला पाहिजे. किती कुस्त्या बरोबरीत सुटल्या तेही लिहा, हरल्या त्याही. फक्त जिंकलेल्या दिल्या तर जाणणारा माणूस बाकीच्यावरही विश्वास ठेवत नाही.

गिरणाथडी
कॅसेट राहिली. लगेच वाजवू नका. आधी खिडकीतून बघा, फितीवर पांढरी बुरशी असेल तर घरच्या टेपमध्ये घालायचीच नाही, जाणत्याकडे द्या. बुरशी नसेल तर आतला स्पंजाचा छोटा तुकडा जागेवर आहे ना ते पाहा, त्याच्याशिवाय आवाज दबलेला येतो. टेपचं हेड स्पिरिटनं पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा म्हणजे फीत सैल होते. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये. माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो. पहिल्याच वेळी रेकॉर्ड चालू ठेवा, जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही.

कागदपत्रे
त्यासोबतच हयात जोडीदारांचं बोलणं रेकॉर्ड करा. पंखा आणि कूलर बंद. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, म्हणून सकाळी सातला बसा. मोबाइल विमान मोडवर, दुमडलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. 'आप्पा कसे होते' असं विचारलं की 'देवमाणूस' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा: 'त्यासना आवडता डाव कोनता व्हता?', पहाटे किती वाजता उठवायचे, पोर रडलं तर काय करायचे, कुणाला तालमीतून हाकललं आणि का. माणूस अहिराणीत बोलत असेल तर तुम्हीही अहिराणीतच विचारा आणि छापताना ती वाक्यं तशीच ठेवा. यावल-रावेरकडचे असतील तर लेवा बोलीत.

लालमाती
आता मैदान. आपली काळी माती हौदाला, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याला, चालत नाही. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की ढेकळं होतात, त्यावर पाठ आपटली की खरचटतं. बारीक लाल किंवा तांबूस माती बाहेरून आणावी लागेल.

हिशेब: ३० × ३० फूट, ९ इंच थर म्हणजे ६७५ घनफूट, पावणेसात ब्रास. सात ट्रॉल्या धरा. ट्रॉली भरते ती ढिली माती, दाबली की बसते, म्हणून एक ट्रॉली जादा सांगून ठेवा. तहसीलमधून गौण खनिजाचा परवाना आणि वाहतूक पास आधी काढा, ऐन आखाजीच्या सुट्टीत ते काम होत नाही.

चार दिवस आधी जागा सपाट करून दगड-काड्या वेचा. माती वाळूच्या चाळणीतून चाळा. खिळा, काच, शिंपला काहीही निघतं. थर पसरा, दोन दिवस आधी संध्याकाळी पाणी शिंपडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी फावड्यानं वर-खाली करा. आदल्या दिवशी पुन्हा. तालमीच्या कायमच्या हौदात ताक, लिंबू, तेल, हळद, कापूर, काव (गेरू) असं बरंच जातं. एका संध्याकाळच्या मैदानाला एवढं लागत नाही. पाच किलो हळद, पाच-सहा लिटर तेल, पूजेपुरता कापूर आणि वाळवून चुरलेला कडुनिंबाचा पाला पुरे. तेलानं धूळ उडत नाही आणि माती लवकर सुकत नाही.

ओल कशी ओळखायची: मूठभर माती दाबा, गोळा झाला पाहिजे. तोच कमरेच्या उंचीवरून सोडा, फुटला पाहिजे. गोळा होत नसेल तर कोरडी, पडूनही फुटत नसेल तर जास्त ओली. आखाजीच्या उन्हात दुपारी शिंपडलेलं पाणी चारपर्यंत उडतं आणि वर पापडी धरते, म्हणून दुपारी ओली गोणपाटं अंथरून ठेवा आणि कुस्त्यांच्या अर्धा तास आधी पुन्हा उकरा.

पंच_धुळे
जोडी लावण्याबद्दल. एक लाखाची एकच कुस्ती ठेवण्यापेक्षा तेच पैसे पंधरा-वीस जोड्यांत वाटा. मोठ्या इनामाची एकच कुस्ती असली की दोघं बाहेरून येतात, आपसात ठरवून नुरा कुस्ती करतात आणि पैसे अर्धे-अर्धे घेऊन जातात. गावची पोरं कडेला बसून बघतात. आप्पा पोरं घडवणारे होते, मग पोरांनाच मातीत उतरवा.

लहानांच्या कुस्त्या आधी, पहिली नारळाची. वजन काट्यावरच करा. 'दिसायला सारखे आहेत' म्हणून जोड लावली की एक पोरगं सहा किलोनं जड निघतं. लहानांत दोन किलोपेक्षा जास्त फरक नको. वजनाच्या वेळीच नखं आणि कातडी बघा. गजकर्ण असलेल्याला उतरू देऊ नका, एकामुळे दहा जणांना लागतं. वेळ आधीच जाहीर करा, मोठ्यांना १५ मिनिटं, नंतर पाच मिनिटं गुणांवर. नाहीतर शेवटची कुस्ती रात्री दहापर्यंत रेंगाळते आणि तेव्हा भोंगा बंद करावाच लागतो. जमा झालेल्या पैशांएवढीच इनामं पुकारा, पाकिटं आधी भरून, वहीत सही घेऊन जागेवर द्या.

मैदानाशेजारी डॉक्टर आणि गाडी हवीच. कोपर किंवा खांदा निखळला तर कुणी वस्ताद पुढे येऊन ओढून बसवायला जातो. ते होऊ देऊ नका. आत हाड मोडलेलं असेल तर शीर किंवा रक्तवाहिनी दुखावते. आहे त्या स्थितीत बांधून दवाखान्यात. मानेवर पडलेल्याला उठवून बसवायचं नाही, फळीवरच घ्यायचं.

खापरावरची
येणाऱ्या पाहुण्यांना चहापेक्षा पहिलवानी थंडाई द्या, शोभेल. १०० छोट्या ग्लासांना, म्हणजे साधारण १५ लिटरला: दूध १२ लिटर, बदाम ६०० ग्रॅम, खसखस २००, मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) २००, बडीशेप १५०, काळी मिरी ४०, वेलची २५ ग्रॅम, खडीसाखर दीड किलो. बाकी वाटणाचं पाणी आणि बर्फ.

बदाम आदल्या रात्री भिजवून सकाळी सोला. खसखस-मगज तीन-चार तास, बडीशेप तासभरच. कुंडी-सोटा असेल तर उत्तम. मिक्सरमध्ये करायचं तर पाण्याऐवजी बर्फाचं पाणी घाला, भांडं तापलं की बदामाचं तेल सुटतं आणि वाटण गुठळतं. मलमलच्या फडक्यातून थोडं थोडं दूध घालत दोन-तीनदा पिळा. दूध तापवून पूर्ण गार झाल्यावरच त्यात वाटण घालायचं, गरम दुधात घातलं तर दाट खिरीसारखं होतं आणि कच्चा वास राहतो. सगळ्यात जास्त बिघडतं ते उन्हामुळे: आखाजीच्या हवेत तापवलेलं दूध दुपारपर्यंत नासतं. दूध बर्फाच्या टपात ठेवा आणि वाटण कुस्त्या सुरू व्हायच्या तासभर आधीच मिसळा. भांग घालायची नाही हे भाचेमंडळींना आधीच बजावून ठेवा. उतरणाऱ्या पहिलवानांना कुस्तीनंतरच द्या, पोटभर दूध पिऊन मातीत उतरलं की उलटी ठरलेली.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. मावसभाऊ पंच_धुळे यांचा मुद्दा वाचून 'केसरी' सोडायला तयार झालाय, आता 'उपविजेते' ऐवजी 'विजेते' लिहू म्हणतोय! एक शेवटचं विचारतो. कुस्त्या झाल्यावर त्या सात ट्रॉल्या मातीचं काय करायचं?

लालमाती
'द्वितीय' असं प्रमाणपत्रावर आहे, बॅनरवरही तेच.

माती व्यायामशाळेच्या हौदात टाका. पण थेट नको. शेकडो लोक चालून गेलेले असतात, सुपारी, पिना, बाटलीची झाकणं सगळं त्यात मिसळलेलं असतं. दोन दिवस उन्हात पसरा, पुन्हा चाळा, मगच हौदात. हौदाची जुनी माती किती खोल आहे ते आधी मोजा. दीड फुटाच्या वर गेली तर पोरांचे पाय रुततात आणि गुडघे मुरगळतात, तेव्हा वर थर चढवण्याऐवजी तेवढी जुनी माती बाहेर काढा. परवान्यात मातीच्या वापराचं ठिकाण लिहितात, तिथे मैदानासोबत व्यायामशाळेचंही नाव आताच टाकून घ्या.